मुंबई हुंड्यात देणारे घराणे

निजामपुऱ्यातल्या आमच्या अभ्यासिकेत संध्याकाळी सातनंतर वीस-पंचवीस मुले-मुली बसतात. बाहेर यंत्रमागांचा खडखडाट चालू असतो आणि आत स्पर्धा परीक्षेची पुस्तके. मागे एकदा एक मुलगा युरोपातल्या राजघराण्यांचा तक्ता पाठ करत होता. कुठला राजा कधी गादीवर आला, कधी मेला, त्याच्यानंतर कोण. कंटाळून त्याने विचारले, "ताई, ह्या गोऱ्या राजांशी आपला काय संबंध?" मी उत्तर देण्याआधीच दुसरा म्हणाला, "असा कसा नाही? गोरे आले म्हणून आपण सुटलो. त्यांच्यात जातच नव्हती." तिसऱ्याने त्याला अडवले. त्याच्या मोबाईलवर वसईच्या विजयाचा संदेश आला होता. फिरंग्यांना हाकलले तो दिवस आपला आहे, असे त्याचे म्हणणे.

तिघांचेही म्हणणे आपल्या चळवळीतल्या पोरांच्या तोंडी रोज ऐकू येते. म्हणून त्या तिघांना एकत्र उत्तर द्यायला मी एकच घराणे घेते. ते युरोपातले असूनही आपल्या दाराशी येऊन बसले होते. अंजूरफाट्यावरून चिंचोटीच्या रस्त्याने निघालात, तर तासाभराच्या वाटेवर त्यांचा किल्ला उभा आहे. घराण्याचे नाव ब्रागांझा. १६४० ते १९१० अशी २७० वर्षे पोर्तुगालच्या गादीवर हेच घराणे होते. त्यातली पहिली ९९ वर्षे वसई, साष्टी आणि ठाणे त्यांच्याकडे होते आणि गोवा तर शेवटपर्यंत होता. मुंबईची सात बेटे कुणाकडून कुणाकडे गेली, तेही याच घराण्याच्या एका लग्नात ठरले.

सुरुवात मुळापासून करू, कारण खरी गंमत तिथेच आहे. ब्रागांझाचा पहिला ड्यूक अफोन्सो. त्याला ही पदवी १४४२ साली मिळाली. तो पोर्तुगालचा राजा पहिला जुआंव याचा मुलगा होता, पण लग्नाच्या राणीचा नव्हे. आई इनेस पिरेस. तिच्या बापाबद्दल पोर्तुगालमध्ये एक जुनी आख्यायिका आहे. तो लांब दाढीचा, जोडे शिवणारा ज्यू होता, असे सांगतात. आख्यायिका आख्यायिकाच, तिच्यावर मी इमारत बांधणार नाही. पण अफोन्सो अनौरस होता ही आख्यायिका नाही, इतिहास आहे. त्याचा बाप जुआंव हाही अनौरसच. म्हणजे ज्या घराण्याने पुढे जन्माच्या जोरावर पावणेतीनशे वर्षे राज्य केले, त्याचा पायाच त्या काळच्या नियमाने 'अशुद्ध' होता.

आणि याच देशात 'रक्ताची शुद्धता' नावाचा कायदेशीर निकष होता. ज्याच्या पूर्वजांत कुणी ज्यू किंवा मुसलमान, पुढे कुणी आफ्रिकी निघाला, त्याला सरकारी पदे, लष्करी सन्मान, धर्मगुरूची दीक्षा यांची दारे बंद. धर्म बदलून ख्रिस्ती झाला तरी त्याला 'नवा ख्रिस्ती' म्हणत. हा नवेपणा तीन-चार पिढ्यांनीही जुना होत नसे. बाप्तिस्मा झाला, देव बदलला, नाव बदलले, पण रक्त तेच राहिले! हे वाचताना आपल्याला काही ओळखीचे वाटत नाही का? जुना-नवा हा भेद कायद्याने संपला तो १७७३ साली, मार्क्विस पोंबाल या मंत्र्याने राजा पहिला जोझे याच्याकडून तो मोडून घेतला तेव्हा.

म्हणून 'त्यांच्यात जात नव्हती' हे वाक्य मला घाईचे वाटते. इंग्रजीतला 'कास्ट' हा शब्दच मुळात पोर्तुगीज 'कास्ता'वरून आलेला आहे. वाण, कूळ, वंश असे त्याचे अर्थ. पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर उतरले, त्यांनी आपली समाजरचना पाहिली आणि स्वतःच्या खिशातला शब्द काढून तिला चिकटवला. तो शब्द त्यांच्याकडे तयार होता, कारण वंशाने माणूस मोजायची सवय त्यांना होती. गार्सिया द ओर्ता हा वैद्य त्या काळात मुंबई बेटाचा खंडकरी होता. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या औषधींच्या ग्रंथात त्याने इथल्या लोकांविषयी नोंदवले, की बापाचा धंदा कुणी सोडत नाही आणि चांभारांची 'कास्ता' एकच असते. हा ओर्ता स्वतः ज्यू वंशाचा 'नवा ख्रिस्ती'. तो मेल्यावर बारा वर्षांनी, १५८० साली, इन्क्विझिशन म्हणजे धर्मन्यायालयाने त्याची हाडे थडग्यातून काढून जाळली. बहीण तर १५६९ मध्येच जिवंत जाळली गेली होती. आपल्या चांभाराची 'कास्ता' लिहिणारा माणूस स्वतःच्या 'कास्ता'पायी मेल्यावरही सुटला नाही. तेव्हा ब्रागांझा गादीवर यायचे होते, पण त्यांनी जी गादी पुढे घेतली ती ही होती, आणि ते न्यायालयही त्यांनी चालूच ठेवले.

१५८० ते १६४० पोर्तुगाल स्पेनच्या राजांकडे होते. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनमध्ये सरदारांनी बंड केले आणि ब्रागांझाचा आठवा ड्यूक चौथा जुआंव म्हणून राजा झाला. १६४६ मध्ये त्याने आपला मुकुट मेरीमातेला अर्पण केला आणि तेव्हापासून पोर्तुगालच्या राजांनी डोक्यावर मुकुट घातला नाही. कोणी म्हणेल केवढी नम्रता! मला वाटते यासारखी पक्की व्यवस्था दुसरी नाही. मुकुट देवाच्या घरी ठेवला की तो काढून घ्यायला माणसाला देवाशी भांडावे लागते. आपल्याकडे चातुर्वर्ण्य ब्रह्मदेवाच्या अंगातून काढले गेले, ते याच हिशेबाने.

जुआंव १६५६ मध्ये मेला. गादीवर बसला तेरा वर्षांचा मुलगा, सहावा अफोन्सो. लहानपणीच्या आजाराने त्याची एक बाजू लुळी होती आणि कारभार त्याची आई लुईझा पाहत होती. बरोबर याच वेळी आपली भिवंडी या घराण्याच्या कागदात येते. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि खाडीत जहाजे बांधायला सुरुवात केली. कामावर पोर्तुगीज कारागीरही होते. त्यांचा म्होरक्या रुई लैतांव व्हिएगास. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांना घाम फुटला. शेजारी आरमार उभे राहते आहे आणि ते उभारणारे हात आपलेच आहेत! त्यांनी त्या कारागिरांना गुपचूप परत बोलावून घेतले. ही गोष्ट मी मुलांना आवर्जून सांगते. ज्या खाडीच्या काठाने आपण रोज जातो, तिथे जहाजाचा सांगाडा जोडणाऱ्या सुतार-लोहारांच्या हातात कोणाची सत्ता टिकेल हे होते, आणि इतिहासात नाव मात्र तेरा-चौदा वर्षांच्या पोराचे लागले, कारण तो राजाच्या पोटी जन्मला होता.

आता ते लग्न. स्पेनशी लढाई चालूच होती, पोर्तुगालला दोस्त हवा होता. लुईझाने आपली मुलगी कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला द्यायचे ठरवले. २३ जून १६६१ रोजी तह झाला. हुंड्यात काय काय दिले पाहा. वीस लाख क्रूझादो रोख, आफ्रिकेतले तांजिअर हे शहर आणि मुंबईचे बंदर व बेट. बदल्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध फौज द्यायची. मुंबईत राहणारे कोळी, भंडारी, आगरी, कुणबी, महार यांना आपण कुणाच्या लग्नात भेट म्हणून गेलो याची गंधवार्ताही नव्हती. गोव्यातला व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो ए कास्त्रो याने मात्र हरकत घेतली. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असा इशारा त्याने राजाला दिला. तो खराच ठरला, पण त्याची काळजी बंदराची होती, माणसांची नव्हती.

ताबा घ्यायला १६६२ मध्ये इंग्रजांचे सुमारे चारशे शिपाई आले. पोर्तुगीज बेट सोडेनात. मग ही पलटण कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन बसली आणि पावसात, तापात, उपासात तिथेच बहुतेक मेली. त्यांचा सेनापती शिपमनही १६६४ मध्ये तिथेच गेला. शेवटी फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुक याने उरलेल्या मूठभर शिपायांसह मुंबई घेतली. माहीम हुंड्यात येते की नाही यावर वाद झाला, आणि इंग्रजांनी तेही हळूच गिळले. तीन वर्षांनी, २७ मार्च १६६८ रोजी, चार्ल्सने हा सगळा हुंडा ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड सोने भाड्याने देऊन टाकला. म्हणजे दहा पौंड वजनाचे सोने नव्हे बरं का, दहा पौंड किमतीचे!

६ डिसेंबरला आपण लाखोंनी ज्या दादरच्या किनाऱ्यावर जातो, तो माहीमचाच किनारा. मुलीच्या हुंड्यात गेलेल्या जमिनीवर चैत्यभूमी उभी आहे, हे मला दरवर्षी त्या गर्दीत आठवते.

कॅथरीनचे काय झाले? नवऱ्याच्या रखेल्या दरबारात तिच्या डोळ्यांसमोर वावरत होत्या. मूल झाले नाही, म्हणून तिला सोडून द्या असा सल्ला चार्ल्सला देणारे होतेच. इंग्लंडमध्ये चहाची आवड पसरवली म्हणून तिचे कौतुक होते. पुढे माहेरी परतल्यावर, १७०४-०५ मध्ये, भाऊ आजारी असताना तिने पोर्तुगालचा कारभार चांगला चालवला, हे फारसे कोणी सांगत नाही. राजघराण्यातली स्त्रीसुद्धा शेवटी देण्या-घेण्याची वस्तूच. आपल्याकडे हुंड्याच्या केसेसमध्ये पोलीस ठाण्यात बसताना मी हे बघितलेले आहे. फरक फक्त यादीचा असतो. कुठे बेट, कुठे बुलेट.

तिचा भाऊ सहावा अफोन्सो याचेही हाल झाले. १६६७ मध्ये धाकटा भाऊ पेद्रो याने त्याला बाजूला सारले, त्याची बायको मारिया फ्रान्सिस्काने आपले लग्न रद्द करून घेतले आणि १६६८ मध्ये पेद्रोशीच लग्न केले. अफोन्सोला अझोर्स बेटावर आणि नंतर सिंत्राच्या वाड्यात कोंडून ठेवले. १६८३ मध्ये तो मेला, तेव्हा कुठे पेद्रो नावाने राजा झाला. कोंडलेला का होईना, तो जिवंत असेपर्यंत राजा तोच. कर्तबगारी कुणी विचारत नव्हते, जन्म विचारत होते.

इथे मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून थांबते. ९ मे १९१६ रोजी बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जातीचे मर्म बेटीबंदीत आहे, वर्गाने आपली दारे आतून लावून घेतली की जात होते, हे त्यांनी तिथे दाखवले. ती कसोटी ब्रागांझांना लावून बघा. राणी पहिली मारिया हिचे लग्न १७६० मध्ये तिच्या सख्ख्या काकाशी झाले. तिचा थोरला मुलगा जोझे याचे लग्न १७७७ मध्ये मावशीशी झाले. तो पंधरा वर्षांचा, मावशी तिशीतली. त्यांना मूल झाले नाही, आणि तो १७८८ मध्ये देवीच्या साथीत गेला. पुढे दुसरी मारिया सात वर्षांची असताना तिची सोयरीक तिचा काका मिगेल याच्याशी ठरवली होती. काकाने मग गादीच बळकावली आणि १८२८ ते १८३४ यादवी माजली. दार आतून लावले की आतल्यांचेही असेच होते. घराणे शुद्ध राहावे म्हणून काकाला पुतणी द्यायची आणि त्याच घराण्याचा मूळ पुरुष अनौरस!

आता दुसरा प्रश्न. या लोकांनी आपल्या किनाऱ्यावर लाखोंना ख्रिस्ती केले, मग जात गेली का? गेली नाही. गोव्यात ख्रिस्ती झालेला ब्राह्मण बामोण राहिला, क्षत्रियत्व सांगणारा चाड्डो राहिला, खालचे सुदीर राहिले आणि त्यांच्याही खाली महार-चांभार राहिले. चर्चच्या बंधुमंडळांत कोणाला घ्यायचे हे जातीवर ठरे. सणाच्या मिरवणुकीत अंगावर कोणत्या रंगाचा झगा घालायचा, तेही. वसईत आजही ख्रिस्ती समाज सामवेदी कुपारी, वाडवळ, कोळी अशा ओळखींनीच बोलला जातो.

याचा कळस झाला तो दोन पुस्तकांत. १७०२ साली लिस्बनमध्ये आंतोनियो जुआंव द फ्रियास या गोव्यातल्या ब्राह्मण पाद्र्याचे पुस्तक छापले गेले. विषय काय, तर ब्राह्मण कुळाचे मोठेपण. येशूच्या जन्मानंतर भेटीला आलेल्या तीन राजांपैकी एक ब्राह्मण होता, इथपर्यंत त्याची मजल गेली. त्याला उत्तर म्हणून १७१३ मध्ये लिओनार्दो पायस या चाड्डो पाद्र्याने लिस्बनमध्येच आपले पुस्तक छापले, की खरे राजवंशी आम्ही. दोघे ख्रिस्ती, दोघे पाद्री, दोघांची पुस्तके राजाच्या राजधानीत छापलेली, आणि भांडण वर्णाचे! राजाला यात वावगे काहीच दिसले नाही. दिसणार कसे? वंशावळ बघून माणूस ठरवायचा, हा तर त्याच्याच घरचा कायदा.

त्याच्याही आधी मातेउस द कास्त्रो होऊन गेला. दिवाडी बेटावरचा ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्यात पाद्रीपण नाकारले म्हणून तो थेट रोमला गेला आणि १६३७ मध्ये बिशप होऊन आला. गोऱ्यांच्या अपमानाने पेटून १६५३ मध्ये त्याने 'ब्राह्मणांचा आरसा' लिहिला आणि गोव्याच्या ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठायला सांगितले. त्याचा राग खरा होता, अन्यायही खरा. पण आरसा कोणासाठी, तर ब्राह्मणांसाठी. १७८७ चा पिंतोंचा कटही असाच. वरची पदे मिळत नाहीत म्हणून गोवेकर पाद्र्यांनी बंड योजले, ते उघड झाले आणि १७८८ मध्ये १५ जणांना देहान्ताची शिक्षा झाली. त्या माणसांच्या धैर्याला मी कमी लेखत नाही. पण 'आम्हाला गोऱ्यांच्या बरोबरीने बसवा' आणि 'कोणी कोणाच्या वर बसू नये' या दोन मागण्या वेगळ्या आहेत, हे आपल्या पोरांना कळायला हवे.

समतेचे कागद राजाने काढलेच नाहीत असे नाही. २ एप्रिल १७६१ च्या फर्मानाने आशियातले ख्रिस्ती प्रजाजन पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे ठरले, त्यांना हिणवणाऱ्याला शिक्षा सांगितली. गोव्यात ते फर्मान जाहीर व्हायला १७७४ उजाडले. तेरा वर्षे कागद दडपून ठेवला! त्याच १७७४ मध्ये पोंबालने गोव्याचे धर्मन्यायालय बंद केले, आणि राणी मारिया गादीवर येताच १७७८ मध्ये ते पुन्हा सुरू केले. कायमचे बंद झाले १८१२ मध्ये. १८३५ मध्ये बर्नार्दो पेरेस द सिल्व्हा हा पहिला गोवेकर गोव्याचा कारभारी म्हणून आला, तर गोऱ्या आणि मिश्रवंशी अधिकाऱ्यांनी त्याला सतरा दिवसांत हाकलले. कागदावर समता आणि खुर्चीवर वंश. हा खेळ आपण आरक्षणाच्या जागा भरताना रोज बघतो.

मग तिसऱ्या मुलाचे म्हणणे. वसई घेतली तो विजय आपला ना? १७३७ ते १७३९ ची ही मोहीम खरोखर मोठी. आपल्याच तालुक्यातल्या अंजूरचे गंगाजी नाईक त्यात पुढे होते. पोर्तुगीजांचा धार्मिक जाच खरा होता, त्याविरुद्धची चीडही खरी. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांपुढे वसईने शरणागती पत्करली. तटाखाली सुरुंग लावणारे, खिंडारात शिरून मेलेले शिपाई कोण होते? बहुतेक गरीब रयत. त्यांच्या शौर्याला माझा नमस्कार.

पण विजयानंतर सत्ता कोणाकडे आली? पेशव्यांकडे. आणि पेशवाईत अस्पृश्याच्या कमरेला झाडू आणि गळ्यात मडके होते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये लिहून ठेवलेले आहे. किल्ल्यावरचा झेंडा बदलला. ब्रागांझांच्या राज्यात माणूस रक्ताने मोजत, पेशव्यांच्या राज्यात वर्णाने. सर्वात खाली जो होता, त्याला झेंडा बदलल्याचे कुठे कळले असेल, तर कराच्या पावतीवर. कोणत्याही विजयाचा संदेश पुढे पाठवण्याआधी मी एवढेच विचारते, की त्या संध्याकाळी महारवाड्यात काय बदलले?

वसई गेली तेव्हा लिस्बनला राजा होता पाचवा जुआंव. त्याला फारसे दुःख झाले नसावे, कारण त्याच्याकडे ब्राझीलचे सोने येत होते. खाणीतल्या सोन्याचा पाचवा हिस्सा राजाचा. त्यातून त्याने माफ्राला १७१७ पासून मठ-राजवाडा उभारला आणि १७४८ मध्ये पोपकडून 'परम निष्ठावान' अशी पदवी मिळवली. सोने खणणारे होते आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. तीन शतकांत ब्राझीलमध्ये असे चाळीस लाखांहून जास्त लोक उतरवले गेले. १८०७ मध्ये नेपोलियनच्या फौजा येताच सगळा दरबार जहाजांत बसून ब्राझीलला पळाला. १८२२ मध्ये राजपुत्र पेद्रो तिथे स्वतंत्र सम्राट झाला. बाप पोर्तुगालचा राजा, मुलगा ब्राझीलचा सम्राट. घराणे एकच, गाद्या दोन.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्या वर्षी त्याच अमेरिका खंडाच्या दक्षिणेत ब्रागांझा घराण्याचा दुसरा पेद्रो राज्य करत होता. विद्वान, ग्रंथप्रेमी, वैयक्तिक जीवनात सज्जन. आणि त्याच्या साम्राज्यात लाखो माणसे बाजारात विकली-घेतली जात होती. राजा चांगला असला म्हणजे व्यवस्था चांगली होते, असे मानणाऱ्यांनी हा पेद्रो जरूर वाचावा. १३ मे १८८८ रोजी, तो युरोपात असताना, त्याची मुलगी इझाबेल हिने मुक्तीच्या कायद्यावर सही केली. अमेरिका खंडात गुलामी सोडणारा ब्राझील शेवटचा देश. त्या मुक्तीच्या मागे मळे सोडून पळालेले गुलाम आणि वर्षानुवर्षे लढणारे कार्यकर्ते होते, पण 'तारणहार' म्हणून चित्रे निघाली राजकन्येची. दीड वर्षात, १५ नोव्हेंबर १८८९ रोजी, ब्राझीलचे सिंहासन गेले. नाराज मळेवाल्यांनी ते वाचवायला बोटही उचलले नाही.

इकडे गोव्यात याच घराण्याने शेवटच्या पन्नास वर्षांत जे करून ठेवले, ते मला किल्ल्यांपेक्षा महत्त्वाचे वाटते. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे हे 'नव्या काबिजादी'तले तालुके अठराव्या शतकात घेताना तिथले रीतिरिवाज पाळण्याचे वचन पोर्तुगीजांनी दिले होते. रिवाज म्हणजे काय? ज्याच्या हातात गाव, त्याचा रिवाज. १८८० मध्ये राजा पहिला लुईस याच्या काळात गोव्यातल्या हिंदूंच्या चालीरीतींची संहिता झाली. १८८६ मध्ये मझानियांचा, म्हणजे देवस्थानच्या महाजनांचा, कायदा आला. देवळाची मालकी आणि कारभार महाजनांच्या नोंदणीकृत पुरुष वंशजांकडे. देवळासमोर वाजवणारे, झाडणारे, दिवटी धरणारे, पालखीचा भार वाहणारे त्या नोंदीत नाहीत. १९०४ मध्ये राजा पहिला कार्लुश याच्या काळात गावकऱ्यांच्या कोमुनिदादींची संहिता आली. गावची जमीन आणि तिचा वाटा, पुन्हा पुरुष वंशजांनाच. ख्रिस्ती गाव असो की हिंदू गाव, नियम एकच. राजाने जातिव्यवस्था निर्माण केली नाही, पण तिला नोंदवही दिली, शिक्का दिला. मनूला जे पाठ करून टिकवावे लागले, ते या लोकांनी कारकुनाकडून लिहवून घेतले.

त्या गाद्यांवरच्या एकाही राजाने गोवा डोळ्यांनी पाहिला नाही. १८९५ मध्ये गोव्यातल्या मराठा शिपायांनी मोझांबिकला जायला नकार देऊन बंड केले आणि सत्तरीचे राणे त्यात उतरले, तेव्हा कार्लुशने आपला सख्खा भाऊ फौज देऊन पाठवला, एवढाच काय तो राजदर्शनाचा योग. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या चौकात कार्लुश आणि त्याच्या थोरल्या मुलाला गोळ्या घातल्या गेल्या. अठरा वर्षांचा दुसरा मानुएल राजा झाला. ५ ऑक्टोबर १९१० रोजी प्रजासत्ताक आले, तो इंग्लंडला गेला आणि १९३२ मध्ये निपुत्रिक मेला. प्रजासत्ताकाने गोव्यातल्या हिंदूंना ख्रिस्त्यांच्या बरोबरीचे नागरिक मानले, पण गोवा मात्र सोडला नाही. त्यासाठी १९६१ यावे लागले.

राजघराण्याचे नाव पणजीत आजही एका इमारतीवर आहे. मिनेझिस ब्रागांझा संस्था. नाव वाचून पर्यटक राजाची आठवण समजतात. पण लुईस द मिनेझिस ब्रागांझा हा गोव्यातला पत्रकार, आणि आयुष्यभर राजेशाही आणि वसाहतवादाविरुद्ध लिहिणारा. वसाहतींना कायमचे पोर्तुगालच्या दावणीला बांधणारा कायदा आला, तेव्हा ४ जुलै १९३० रोजी त्याने सरकारी मंडळात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला. चांदरच्या त्याच्या घराण्याला राजाचे आडनाव लावायचा मान मिळाला होता. आडनाव राजाचे घेतले आणि बाजू प्रजेची घेतली. त्या घराण्याच्या इतिहासातला मला आवडलेला ब्रागांझा तोच.

आपल्याकडे संविधानाच्या कलम १८ ने पदव्या संपवल्या, आणि संस्थानिकांची मान्यता व तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने. गोव्यातला मझानियांचा कायदा मात्र १९३३ च्या सुधारित रूपात अजून चालू आहे. पालखीला खांदा कोणी द्यायचा, देवळात कोणी कुठवर जायचे, यावर तिथले बहुजन समाजातले लोक आजही मामलेदाराच्या कचेरीत उभे असतात, आणि मामलेदार ज्या नोंदवहीत नाव शोधतो ती ब्रागांझांच्या काळात उघडलेली आहे.

अभ्यासिकेतल्या तक्त्यात आता आम्ही एक रकाना वाढवला आहे. राजाचे नाव, गादीची वर्षे, आणि त्याच्या पुढे त्या वर्षांत सर्वात खालच्या माणसासाठी निघालेला हुकूम, तारखेसह. चौदा राजांपुढचा तो रकाना भरताना पोरांना दोन संध्याकाळ लागल्या. बराचसा कोराच आहे. पाऊस संपला की तो तक्ता घेऊन आम्ही वसईच्या किल्ल्यात जाणार आहोत. भिवंडी-कल्याणकडच्या ज्या साथींना यायचे असेल, त्यांनी रविवारी सकाळी अभ्यासिकेत यावे. डबा ज्याचा त्याने आणायचा, जेवायचे मात्र एकत्र.

जय भीम!